अठरावं वर्ष, दोन देश

सातपूरमध्ये पहाटे पाचला कुठल्याही मोकळ्या मैदानावर गेलं की सैन्यभरतीची पोरं पळताना दिसतात. श्रमिकनगरची, अशोकनगरची, सातपूर कॉलनीतली; काही तर त्र्यंबक रस्त्यावरच्या गावांतून मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आलेली. कडेला एक जण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारली तर पैकीच्या पैकी गुण. मग नऊ फुटांचा खड्डा, आणि बीम. बीम दहा निघाले पाहिजेत. सात-आठपर्यंत पोरगं तोंड घट्ट मिटून वर जातं. नवव्याला मानेच्या शिरा तटतटून येतात, हनुवटी दांड्यापर्यंत पोचायला बोटभर कमी पडते आणि खाली उभी असलेली पोरं त्याच्या नावाने ओरडत राहतात. बहुतेकांचे वडील एमआयडीसीत, कुणी कायम, कुणी कंत्राटी. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर चारांतला फार तर एक जण पुढे कायम, हे त्यांना पाठ आहे. तरी ती पळतात.

नाशिकला सैन्य नवं नाही. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला तोफखाना केंद्र, गांधीनगरच्या धावपट्टीवरून उठणारी हेलिकॉप्टरं, डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेली भोसला सैनिकी शाळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथेच तोफांच्या सरावात स्फोट होऊन दोन अग्निवीर गेले. त्यांची वयं वाचून मन सुन्न झालं होतं. मैदानावरची पोरं त्यानंतर कमी झाली नाहीत.

याच सातपूरमधून माझा भाचा सिंगापूरला गेला. आमचे दाजी मायकोत होते. पाटीवर बॉश येऊन कितीतरी वर्षं झाली, पण सातपूरकर अजून मायकोच म्हणतात. भाचा इंजिनिअर झाला, पुण्यात थोडी वर्षं काढली आणि मग बायको-मुलासह तिकडे स्थिरावला. मुलगा लहान असतानाच तिघांना पीआर मिळाला, म्हणजे कायम राहायचा परवाना. त्या वेळी ताईने सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. मुलाच्या बाबतीत त्या परवान्यासोबत काय आलं आहे, याची इथल्या घरात कुणी फारशी चौकशी केली नाही.

आता तो सतरा वर्षांचा आहे. मला मामाआजोबा म्हणतो. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "मामाआजोबा, माझा पासपोर्ट इंडियाचा आहे, मग आर्मी त्यांची का?" मागे त्याचा बाप गप्प बसला होता.

सिंगापूरचा कायदा अगदी स्पष्ट आहे. तिथल्या नागरिक मुलांना दोन वर्षांची सक्तीची सेवा आहेच. पण आईवडिलांच्या आधाराने पीआर मिळालेल्या मुलांनाही ती तितकीच लागू आहे. साडेसोळाव्या वर्षी नाव नोंदवायचं, अठरा झाले की बोलावणं येतं. अनेकांचं पहिलं प्रशिक्षण तेकाँग नावाच्या बेटावर होतं. दोन वर्षं संपली तरी पुढे बरीच वर्षं ठरावीक दिवस सरावाला जावं लागतं. तेराव्या वर्षापासूनच मुलगा दीर्घ काळ देशाबाहेर राहणार असेल तर परवानगी काढावी लागते, काही वेळा पंचाहत्तर हजार डॉलरचा बाँडही भरावा लागतो. सेवा न करता पीआर सोडता येतो, पण पुढे त्या मुलाने तिथे शिकायला किंवा नोकरीला येण्यासाठी अर्ज केला तर ही गोष्ट त्याच्या विरोधात जाते. हे सगळं परवाना घेतानाच छापील कागदावर असतं. भाच्याने सही करताना ते वाचलं होतं. मुलगा तेव्हा दुसरीत होता आणि अठरावं वर्ष फार लांब वाटत होतं, एवढंच.

या सक्तीच्या मुळाशी आपल्याकडच्या वाचकाने जाणून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं तेव्हा त्या चिमुकल्या देशाकडे म्हणावं असं सैन्य नव्हतं. पंतप्रधान ली क्वान यू यांनी ते उभं करायला मदत मागितली ती भारताकडे, लालबहादूर शास्त्रींकडे, आणि इजिप्तच्या नासर यांच्याकडे. भारताकडून शुभेच्छा आल्या, सल्लागार आले नाहीत. मग मदत केली इस्राएलने, आणि इस्राएलच्या धर्तीवरच १९६७ मध्ये तिथे सक्तीची सेवा सुरू झाली. सातपूरच्या घरातलं एक पोरगं आज नोंदणीच्या ज्या पत्राकडे बघत बसलं आहे, त्याची मुळं अशी दूरवर गेलेली आहेत.

इस्राएलचं नाव निघालं की मराठी माणसाला कोकण आठवायला हवं. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या गावांतले बेने इस्राएली, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत आलो, ते १९४८ नंतरच्या वर्षांत मोठ्या संख्येने तिकडे गेले. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या सैन्यात या समाजातल्या कितीतरी पिढ्यांनी नोकरी केली होती. स्वतंत्र भारताच्या नौदलातले व्हाइस अॅडमिरल बेंजामिन सॅमसन त्यांच्यातलेच. खडकवासल्याच्या एनडीएचे ते प्रमुख होते आणि १९६५ च्या युद्धाच्या काळात भारतीय ताफ्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. जे तिकडे गेले त्यांच्या मुलामुलींना मात्र अठराव्या वर्षी गणवेश चढवणं भाग होतं. मुलांना अडीच वर्षांहून अधिक, मुलींना दोन वर्षांच्या आसपास. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने या समाजाच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नाच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश निघाले. लोकांनी निदर्शनं केली आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. लग्नाला हरकत घेतली जात होती त्या वर्षांतही त्यांच्या पोरांना सैन्याचं बोलावणं वेळच्या वेळी येतच होतं. मला हे फार लागतं.

दुसरी ठेच त्यांना आपल्याकडून लागली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदापासून ते धोरण चालत आलं आहे. त्याऐवजी आपण ओसीआय कार्ड देतो. त्यावर आयुष्यभर व्हिसाविना येता-जाता येतं. मतदान करता येत नाही. पण त्या कार्डाच्या नियमांत एक अट आहे: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ते मिळत नाही. अट समजण्यासारखी आहे. पण जिथे प्रत्येक मुलाला सैन्यात जावंच लागतं, तिथल्या मराठी घरांचं काय? डिमोना, लोद, अश्दोदमध्ये आजही घरात मराठी बोलणारी, 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवणारी ही माणसं. आजीच्या गावी रेवदंड्याला येण्याचा हक्क मागायला गेलं, तर अठराव्या वर्षी कायद्याने घालायला लावलेला गणवेश आडवा यायचा. ५ जुलै २०१७ रोजी तेल अविवमध्ये तिथल्या भारतीयांच्या मेळाव्यात पंतप्रधान मोदींनी जाहीर केलं की सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही ओसीआय कार्ड मिळेल. माझ्या मते तो निर्णय न्यायाचा होता. पोटासाठी वा हौसेने पत्करलेला पेशा आणि कायद्याने लादलेली सेवा यांत सरकारने फरक केलाच पाहिजे, आणि तो कुठल्याही देशातल्या भारतीय वंशाच्या मुलाला अर्ज करण्याआधी नीट कळला पाहिजे.

आपण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, असं मी वर म्हटलं. पण आपल्याच कायद्यात त्याला एक छोटी खिडकी आहे आणि ती नेमकी याच वयापर्यंत उघडी असते. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद आईवडिलांनी भारतीय वकिलातीत केली, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून दिलं, तर तो भारताचा नागरिक होतो. जन्माच्या जागेमुळे त्याच वेळी तो त्या देशाचाही नागरिक असू शकतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमात २००३ च्या दुरुस्तीने भर पडली: असा मुलगा सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे अठरा ते साडेअठरा. जगभरातल्या सैन्यांची बोलावणी येतात तेव्हाच. अमेरिकेत १९७३ नंतर सक्तीची भरती झालेली नाही, पण १८ ते २५ वयाच्या मुलांची नोंद तिथेही कायद्याने बंधनकारक आहे. दोन नागरिकत्वं असणाऱ्यांची आणि ग्रीन कार्डवाल्यांचीही. न्यू जर्सीतल्या किती मराठी घरांत ही गोष्ट मुलाला बसवून सांगितली जाते?

मला दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांचा राग येतो. एक म्हणतो, दुसऱ्याच्या देशासाठी आपलं पोरगं का मरावं. दुसरा म्हणतो, तिथलं खाल्लं तर तिथे लढायलाच हवं. पोरगं कुठे वाढलं, कुणाच्या शाळेत शिकलं, रात्री कुठल्या शहरात निर्धास्त झोपलं, हे दोघेही विचारत नाहीत. माझ्या लेखी तोच खरा प्रश्न आहे. दक्षिण कोरियात दोन नागरिकत्वं असलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण होतील त्या वर्षी ३१ मार्चच्या आत कोरियाचं नागरिकत्व सोडावं लागे. ती तारीख चुकली की सैन्यसेवा होईपर्यंत सुटका नाही. जन्मापासून परदेशात वाढलेल्या, या नियमाची गंधवार्ताही नसलेल्या मुलांवर हा अन्याय आहे, हे तिथल्या घटना न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९३० मध्ये, हेगला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी एक करार केला होता. दोन देशांचा नागरिक जिथे नेहमी राहतो आणि ज्या देशाशी त्याचं नातं खरोखर जवळचं आहे, तिथलीच लष्करी जबाबदारी त्याच्यावर असावी, दुसऱ्या देशाने त्याला माफ करावं, असं त्यात म्हटलं आहे. मोजक्याच देशांनी तो स्वीकारला. शहाणपणाची गोष्ट होती, आजही आहे.

या कसोटीवर मी माझ्या घरातलं प्रकरण पाहतो तेव्हा उत्तर मला न आवडणारं येतं. भाच्याचा मुलगा तिथे वाढला. तिथल्या स्वस्त आणि चांगल्या शाळेत शिकला, त्याचे मित्र तिथले, आणि ते सगळे जाणार आहेत. पासपोर्टवर अशोकस्तंभ असला तरी त्याचं बालपण तिथल्या करदात्यांनी सांभाळलं. भाच्याने सुरुवातीला पळवाटा शोधल्या: पीआर सोडू, मुलाला नाशिकला पाठवू, इथे कॉलेजात घालू. मला त्याची तगमग कळते, बाप आहे तो. तरीही मी त्याला सांगितलं की दहा वर्षं सोयी घेतल्या आणि हप्ता भरायची वेळ आली तेव्हा पळ काढला, हे बरं दिसत नाही. ताई माझ्यावर रागावली. दोन महिने नीट बोलली नाही. "तुझा नातू असता तर?" म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही, पण मत बदललं नाही.

सक्ती ही गोष्ट मात्र मला मुळातच गोड वाटत नाही, हेही इथेच सांगतो. आपल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याचा अधिकार सरकारला आहे. ५१अ मध्ये हाक आल्यावर राष्ट्रसेवा करणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. तरी स्वतंत्र भारताने आजवर सक्तीची लष्करी भरती केलेली नाही. चीनशी युद्ध झालं तेव्हाही नाही. या देशाबद्दल मला अभिमान वाटतो अशा मोजक्या गोष्टींतली ही एक आहे. पण सातपूरच्या मैदानावरच्या पोरांना 'स्वेच्छेने आलेली' म्हणताना माझी जीभ अडखळते. त्यांतल्या कित्येकांना दुसरी नोकरी मिळाली असती तर ती पहाटे पाचला इथे नसती. बापाची कंत्राटी नोकरी, बहिणीचं लग्न, घराचा हप्ता, हे सगळं त्यांच्यासोबत सोळाशे मीटर पळतं. सिंगापूरच्या पोराला निदान श्रीमंताच्या मुलासोबत एकाच बराकीत झोपायला मिळेल. आपल्याकडे मैदानावर श्रीमंताचं पोर मी अजून पाहिलेलं नाही.

मुलगा जाणार आहे. त्याने स्वतः ठरवलं आणि बापाच्या आधी मला कळवलं, याचं मला फार समाधान आहे. सेवा झाल्यावर तो सिंगापूरचा नागरिक झाला तर भारताचा राहणार नाही. राहिलाच भारतीय, तर दोन वर्षं परक्या देशाचा सैनिक म्हणून काढलेला भारतीय राहील. तो निर्णय तेव्हा तो घेईल.

परदेशात मुलं वाढवणाऱ्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. परवान्यावर, पासपोर्टवर, जन्माच्या नोंदीवर सही करताना मुलाच्या अठराव्या वर्षाचं कलम आधी शोधा, आणि तो बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला शेजारी बसवून ते वाचून दाखवा. त्याला काय वाटतं ते विचारा. पत्र आल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.