काळ्या दगडाचें नातें

प्रवासांत सर्वांत उपद्रवी सोबती कोणता, असें कोणीं मला विचारलें, तर मी चिक्कू मनुष्याचें किंवा घोरणाऱ्याचें नांव घेणार नाहीं. निघण्यापूर्वीं जो त्या प्रदेशावरचें पुस्तक वाचून येतो, तोच खरा उपद्रवी! आमच्या मॉरिशसच्या सफरींत हा मान दुर्दैवानें माझ्याकडे होता.

आम्ही चौघे होतों. पुण्याहून गेलेले तिघे, म्हणजे एक डॉक्टर, एक वकील व मी. आणि चौथा, मोटार हांकणारा आमचा तेथील मित्र. त्याचें घर बेटाच्या पश्चिमेस कास्कावेल गांवीं आहे. तेथें मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तो पुण्यास शिकावयास होता, तेव्हांपासूनचा आमचा स्नेह. घरीं तो क्रिओल बोलतो. मराठी शिकला तो शाळेंत आणि गणपतीपुढच्या आरत्यांतून. त्याच्या छापील मराठीची आम्ही यथेच्छ थट्टा करीत असूं. "येथें मोटार थांबविण्याची कृपा करूं काय?" असें त्यानें विचारलें, कीं डॉक्टरांना हंसूं आवरत नसे. तोही आमच्याबरोबर हंसे.

माहेबूरहून सकाळीं निघावयाचें आणि दक्षिण किनाऱ्यानें ल मोर्नच्या डोंगरापर्यंत जावयाचें, असा बेत होता. बेट तें केवढें! सुमारें दोन हजार चौरस किलोमीटर. रस्ता कधीं उंसांतून जाई, तर कधीं अगदीं पाण्याच्या कांठानें. ह्या बेटाभोंवतीं प्रवाळाचें कडें आहे. लाटा त्यावर फुटतात आणि आंतलें पाणी तळ्यासारखें निवांत राहतें. परंतु दक्षिणेस, सुयाक गांवाजवळ ग्रीग्री येथें, तें कडें तुटलें आहे. तेथें समुद्र थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो. जवळच एक खडक आहे. लाट ओसरली कीं त्याच्या अंगावरून पाणी ओघळत राहतें, म्हणून लोक त्याला 'रडणारा खडक' म्हणतात.

तो कडा पाहतांच माझ्यांतलें पुस्तक जागें झालें. मीं सोबत्यांना सांगूं लागलों: सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं आपली दख्खनची भूमि पृथ्वीच्या पोटांतील एका भट्टीवरून जात होती. त्या भट्टींतला रस वर आला आणि थरावर थर सांचून आपला सह्याद्रि झाला. भूमि पुढें उत्तरेस सरकत गेली. तिच्यामागें लक्षद्वीप, मालदीव अशी माळ उमटत राहिली. आणि ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांपूर्वीं त्याच भट्टींतून हें बेट समुद्रावर आलें. आज ती शेजारच्या रेयुनियन बेटाखालीं धगधगत आहे. "म्हणजे सिंहगडाचा दगड आणि हा दगड एकाच आईचे!" मी म्हणालों. "परदेशीं आलों असें मला वाटतच नाहीं. हा तर आपलाच दगड!"

वकिलांनीं मान डोलविली. आमचा मित्र समुद्राकडे पाहत उभा होता. तो कांहींच बोलला नाहीं.

पुढें पुन्हां उंसाचीं शेतें लागलीं. त्यांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसूं लागले. "हीं काय पडकीं देवळें?" डॉक्टरांनीं विचारलें. "ज्वालामुखीचीं लहान तोंडें असावींत," मीं ताबडतोब ठोकून दिलें.

मित्रानें मोटार बाजूला घेतली. "नाहीं," तो म्हणाला. "हे ढीग माणसांनीं रचिले आहेत."

मग त्यानें सांगितलें. शेतें दगडांनीं भरलेलीं होतीं. ते वेचल्यावांचून ऊंस लावतां येत नसे. आधीं गुलामांनीं ते वेचले. १८३५ सालीं गुलामगिरी संपली. तत्पूर्वींच, १८३४ पासून, हिंदुस्थानांतून गिरमिटावर मजूर येऊं लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष माणसें पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलीं.

"माझे खापरपणजोबा मुंबई बंदरांतून आले," तो म्हणाला. "ते याच कामावर होते. आपला हा दगड त्यांनीं उचललेला आहे. यांतील कोणता ढीग त्यांचा, तें मात्र मला ठाऊक नाहीं."

त्याचें मराठी नेहमीसारखेंच छापील होतें. पण कोणी हंसलें नाहीं.

मोटारीच्या खणांतून त्यानें एक कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत त्या मजुरांचीं दप्तरें जपून ठेविलेलीं आहेत. त्यांतील एका नोंदीची ती नक्कल होती. नांव, बापाचें नांव, उंची, जिल्हा रत्नागिरी. आणि कारकुनाच्या कानाला जसें ऐकूं आलें तसें लिहिलेलें गांवाचें नांव. "आपण रत्नागिरीचे," तो मला म्हणाला. "हें गांव शोधून देण्याची कृपा कराल काय?"

मीं कागद घेतला. साडेसहा कोटी वर्षांचें नातें मला तोंडपाठ होतें. अवघ्या दीडशें वर्षांपूर्वींचें माझ्या गांवींही नव्हतें. आमच्या घरच्या वंशावळींत एका नांवापुढें 'मुंबईस गेला' एवढेंच लिहून आडवी रेघ ओढलेली आहे. तो पुढें कोठें गेला, हें आमच्या घरांत कोणीं कधीं विचारलें नाहीं. मीही नाहीं.

सायंकाळीं ल मोर्नच्या पायथ्याशीं पोंचलों. पळून आलेले गुलाम ह्या डोंगरावर लपून राहत. पुस्तकांत त्यावर एक सबंध प्रकरण होतें. मीं त्यांतलें एक अक्षरही उच्चारलें नाहीं.

परत आल्यावर बरीच पत्रापत्री केली. त्या नांवाशीं जुळणाऱ्या दोन वाड्या सांपडल्या. दोहींकडेही असा कोणी समुद्रापार गेल्याची आठवण सांगणारें माणूस उरलेलें नाहीं. मित्राला तसें कळवावयाचें कसें, हें कित्येक दिवस सुचेना. शेवटीं काल पत्र टाकलें: तूंच ये, आपण दोन्ही वाड्या पाहूं. ह्या वेळीं मोटार मी हांकीन, आणि तूं म्हणशील तेथें ती थांबविण्याची कृपा करीन.