मुक्कामाची अक्का

एसटीत वाहक म्हणून उभं आयुष्य गेलं. त्यात मला घडवलं ते मुक्कामी गाडीने. संध्याकाळी तुळजापूरहून निघायचं, नळदुर्ग मागे टाकायचं, अणदूरच्या पुढे सोलापूर-हैदराबाद हमरस्ता सोडून आत वळायचं आणि रात्री आठ-साडेआठला शेवटच्या गावात गाडी लावायची. पहाटे साडेपाचला तीच गाडी माघारी. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, तहसीलला निघालेले म्हातारे, बाळंतपणाला माहेरी चाललेली लेक, सगळ्यांची भिस्त त्या एका गाडीवर. मधली रात्र मात्र गावाच्या हवाली. गाव ठेवील तसं राहायचं, गाव घालील ते खायचं.

गावाचं नाव लिहीत नाही. अक्कांना ते आवडणार नाही. आमच्याकडे कर्नाटक जवळ, त्यामुळे वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणायची रीत आहे. त्या गावात त्यांना लहानथोर सगळेच अक्का म्हणायचे, आणि आम्हीही.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशा घरांनी झोपलेल्या माणसांना उठूच दिलं नाही. अक्कांच्या गावाची पडझड बेताची होती, पण त्यानंतर कितीतरी महिने लोक घरात झोपायला भीत. आम्ही गाडीतच झोपायचो आणि आसपास अंगणाअंगणांत बाजा पडलेल्या असायच्या. त्याच काळात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं राहिलं. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या कमी शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि भारतवैद्य म्हणून आपापल्या गावात उभं केलं. आमच्या अक्का त्यांतल्या एक. सातवी शिकलेल्या, डोक्यावर पदर, आणि खांद्याला औषधांची पिशवी.

मुक्कामाला गाडी लागली की अक्कांच्या घरून ज्वारीच्या दोन दोन भाकरी, पिठलं नाहीतर आमटी यायची. ते बऱ्याच गावांत होतं. मुक्कामी गाडीच्या माणसाला उपाशी झोपवायचं नाही, ही मराठवाड्यातली जुनी रीत. पण अक्का भाकरीबरोबर माणसाकडे बघायच्या. मी ताट सरकवून कमरेला हात लावून बसलेलो त्यांनी पाहिलं आणि ड्रायव्हरमामा हात धुवायला गेल्यावर सरळ विचारलं,

“दिवसातून लघवीला किती बार जाता?”

मी गडबडलो. एका बाईने हे विचारावं याची सवय कुणाला असते?

“सकाळी एकदा. मग रातच्याला.”

“आन् मधी?”

“मधी गाडी असती, अक्का.”

“पाणी?”

“पाणी पेलं की जावं लागतं.”

ज्याने खचाखच भरलेल्या गाडीत तिकिटांचा ट्रे धरून दिवस काढलाय, त्याला हा हिशेब सांगावा लागत नाही. पाणी प्यालो तर जायचं कुठे? गाडी उशिरा धावत असली की स्टँडवरचा वेळ पहिला कापला जातो. चौकशीच्या खिडकीत नोंद करायची, मागच्या दाराशी लोंबकळलेल्यांना आत घ्यायचं, की घंटी मारायची. एप्रिल-मे महिन्यांत तुळजापूर-उमरगा पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. घामाने सदरा पाठीला चिकटतो, नि आपण घोट घोट पाणी मोजून पितो. आमच्यातले कितीजण असंच जगत होते. कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं. त्याला नोकरी म्हणत.

अक्कांनी मला अणदूरच्या दवाखान्यात पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, माझ्या पुढच्या सुट्टीचा दिवस विचारून घेतला आणि त्या दिवशी स्वतः दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. जंतुसंसर्ग होता, खडाही होता. खडा लहान होता म्हणून औषधावर भागलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते अक्कांनी माझ्या दिवसात बसवून दिलं. पहाटे गाडी सुटण्याआधी त्यांच्या ओट्यावर तांब्याभर पाणी, त्यांच्या डोळ्यांदेखत. उन्हाळ्यात बाटलीत मीठ घातलेलं पातळ ताक. नळदुर्गला गाडी थांबेल तेव्हा आधी मी उतरायचं, मग नोंद. हे शेवटचं त्यांनी मला सांगितलं नाहीच, मामांना सांगितलं. “मास्तर आल्याबिगर गिअर टाकायचा न्हाई,” असा हुकूम. मामांनी तो पाळला. प्रवाशांनी कधी कुरकुर केली नाही, हेही नोंदवून ठेवतो. मामा मागे वळून म्हणायचे, “दोन मिनटं, कंडक्टरसाहेब येतेत,” आणि लोक बसून राहायचे.

मामांचं वेगळंच होतं. सगळा डेपो त्यांना मामा म्हणायचा. दिवसभर स्टिअरिंगवर बसलेला माणूस, जेवणात मिरचीचा ठेचा आणि खारं, आणि संध्याकाळ झाली की मानेच्या मागे ठणका. उन्हाने होतं, असं ते म्हणत. अक्कांनी त्यांनाही अणदूरला नेलं आणि रक्तदाब निघाला, चांगला वाढलेला. चाळीस-पन्नास जीव पाठीशी घेऊन हा माणूस रोज घाटातून गाडी उतरवत होता. गोळी सुरू झाली. अक्कांनी ठेचा तोडला, आणि गाडी लावल्यावर जेवणाआधी वेशीपासून मारुतीपर्यंत दोन फेऱ्या मारायला लावल्या. मामा आधी चिडले. “दिवसभर गाडी चालवतो आन् आता पाय चालवू?” पण चालले.

निवृत्तीनंतर मी एका मासिकात वाचलं, की लंडनच्या दुमजली बसवर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी अभ्यास केला होता आणि 1953 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दिवसभर जिने चढत-उतरत तिकिटं देणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होत होता. व्यायामाने हृदय राखलं जातं, हे जगाला पटवून देणाऱ्या पहिल्या अभ्यासांत तो गणला जातो. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मारुतीच्या दिशेने चाललेले मामा होते. लंडनचे डॉक्टर आणि आमच्या अक्का एकाच गोष्टीपाशी पोचले होते. माणूस कामावर कसा बसतो, कसा उभा राहतो, काय खातो, कधी मोकळा होतो, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, आणि जिथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली किंवा योग्य पर्यायी सोय, हेही त्यात लिहिलेलं होतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी कधीतरी ट्रकवाल्याची, बसवाल्याची रात्र पाहिली असणार. मला त्या कलमांबद्दल आदर आहे. पण तास लिहून ठेवता येतात तशी तहान लिहून ठेवता येत नाही. ती कुणीतरी विचारावी लागते. माझ्या नशिबाने विचारणारी भेटली. प्रत्येक मुक्कामाच्या गावात अक्का नसते, आणि गावच्या एका बाईच्या चांगुलपणावर कुणाचं मूत्रपिंड अवलंबून असू नये. वेळापत्रक आखतानाच पाणी प्यायला नि मोकळं व्हायला दहा मिनिटं धरली पाहिजेत, मग ती सरकारी गाडी असो की खासगी, की हल्ली मोटरसायकलवरून घरपोच डबे पोचवणारा पोरगा असो. आता गाडीत पोरी वाहक म्हणून उभ्या असतात. त्यांच्यासाठी तर हा प्रश्न माझ्याहून कितीतरी अवघड आहे.

नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरला जी गर्दी होते, ती पाहिलेल्याला सांगायला नको. सोलापूरकडून चालत आलेली माणसं परतीला गाडीत चढतात तेव्हा पायरीसुद्धा दिसत नाही. जादा गाड्या, जादा फेऱ्या. अशा दिवसांत अक्का कुणाकडून तरी गाठोडं धाडायच्या. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मीठ-साखरेच्या पुड्या. पुडी कशी विरघळवायची ते मला आणि मामांना पाठ होतं. आमच्याकडून ते डेपोतल्या इतरांकडे गेलं. आमच्या एका वाहतूक नियंत्रकांनी तर वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, खिडकीशी स्वतःच्या पैशाने रांजण आणून ठेवला आणि त्यावर झाकण, डोया, पेला. गाडीवर निघणाऱ्याने आधी पेला उचलायचा, मग वेबिल. त्यांचंही ऋण माझ्यावर आहे.

अक्कांचं ऋण फेडायला गेलो की त्या फेडू देत नसत. अणदूरला, तुळजापूरला जाताना माझ्याच गाडीत बसायच्या. गर्दीत मी त्यांच्या बाकाशी पोचायच्या आधीच मुठीत सुटे पैसे तयार. “फाडा तिकीट.” एकदा मी माझ्या खिशातून तिकीट काढायचं म्हणालो, तर म्हणाल्या, “मी तुमच्याकडून दवाचे पैसे घेतले का?” त्या वेळी भारतवैद्याला मिळणारं मानधन ते किती! रात्री-अपरात्री बाळंतिणीकडे जायच्या, सकाळी रोजगाराला. त्यांचे गुडघे दुखायचे, ते मला पुष्कळ उशिरा त्यांच्या सुनेकडून कळलं. दुसऱ्याच्या तब्येतीला जपणाऱ्या बायांना कोण विचारतं, असं मी एकदा म्हटलं. “आमी बायका एकमेकीला विचारतो की,” एवढंच उत्तर आलं. आज गावोगाव आशाताई फिरतात. त्यांच्याही दिवसाची आखणी कुणीतरी अक्कांच्या डोळ्यांनी पाहायला हवी.

2022 मध्ये डॉ. अहंकारी गेले. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं मला मामांनी फोनवर सांगितलं.

मामा अठ्ठावन्नाव्या वर्षी धडधाकट निवृत्त झाले. आता जळकोटच्या बाजूला शेती करतात. गोळी चुकत नाही. सुगी झाली की ज्वारीचं एक पोतं अक्कांच्या दारात उतरवतात, आणि अक्का त्यातलं निम्मं कुणाकुणाला वाटून टाकतात. गेल्या साली ज्वारी काळी पडली, म्हणून मामांनी हरभरा धाडला. पोचल्याचा निरोप अक्कांच्या नातवाने मोबाइलवर पाठवला. खाली अक्कांनी सांगितलेलं त्याने जसंच्या तसं लिहिलं होतं: हरभरा चांगला हाय, मामाचा रक्तदाब किती हाय ते कळवा.

मामांनी दुसऱ्याच दिवशी अणदूरला जाऊन मोजून घेतला आणि आकडा कळवला.