थोडी ओल राहू दे

रत्नागिरीच्या पावसाळ्यात आमच्या घरी कपडे सुकायचेच नाहीत. माजघरातल्या दांडीवर परकर, धोतरं दिवसचे दिवस लोंबत असायची. बाळाची दुपटी तेवढी आजी शेगडीवर टोपली उपडी घालून सुकवायची. कपड्यांत वीज साठते, हे त्या दमट घरात कुणाला सांगूनही पटलं नसतं.

ती वीज मला भेटली पुण्यात, जानेवारीतल्या कोरड्या रात्री. टेरिलीनच्या शर्टावरून स्वेटर ओढून काढताना चट्‌चट् आवाज व्हायचा, अंधारात निळसर ठिणग्या दिसायच्या. ही ठिणगी काही हजार व्होल्टची असते, पण प्रवाह इतका क्षणिक की इजा होत नाही. आम्ही भावंडं दिवा मालवून पुन्हापुन्हा ती पाहायचो.

लग्नानंतर शिकागोला आले आणि त्या विजेचा जाच सुरू झाला. हिवाळ्यात बाहेरची गोठलेली हवा घरात तापवली, की ती विलक्षण कोरडी होते. त्यात ड्रायरमध्ये सुती आणि पॉलिएस्टरचे कपडे तासभर एकमेकांवर आपटत, घासत फिरतात. एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात नि तिथेच अडकून बसतात. ब्लाउजच्या पाठीला मोजा चिकटलेला, सोडवायला गेलं की बोटाला चटका. मंडळाच्या संक्रांतीला निघताना पॉलिएस्टरचा परकर पायांना असा बिलगायचा की निऱ्यांचा घोळच उरायचा नाही.

इलाज पाण्यात आहे. साधारण दमट हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ओल असली की साठलेली वीज वाहून जाते. म्हणून ड्रायरमधली शेवटची दहा-पंधरा मिनिटंच खरी घातक, सुती कपडे तोवर वाळलेले असतात आणि आपण त्यांना नुसतं भाजत राहतो. पुण्यात आई खळ घातलेली पातळं किंचित ओलसर असतानाच तारेवरून काढायची, इस्त्री नीट बसते म्हणून. इथे मी चादरी, सदरे तसेच काढते आणि वीज साठतच नाही. पॉलिएस्टर, नायलॉन ड्रायरला दाखवायचंच नाही. ते बैठकीतल्या घडीच्या स्टँडवर वाळत घालते. रात्रीतून वाळतं, शिवाय खोलीतल्या हवेलाही थोडी ओल मिळते. पाहुणे आले तरी मी तो स्टँड हलवत नाही.

ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी चकत्याही मिळतात. त्या धाग्यांवर मऊ, मेणचट थर चढवतात. त्याने चिकटणं थांबतं, हे खरं. पण तोच थर टॉवेलवर बसला की टॉवेल पाणी टिपेनासा होतो. अंग न पुसणारा टॉवेल काय कामाचा?

साडीखाली मात्र सुती परकरच हवा. मध्यंतरी मुलीचा डेन्व्हरहून फोन आला, तिथली हवा तर इथल्याहूनही कोरडी. लग्नाला जायचं होतं आणि साडी पायांत अडकत होती. बदलायला दुसरा परकर नव्हता. तिला म्हटलं, हात ओले कर, परकराला आतून हलकेच फिरव आणि मग निऱ्या घाल. पुढच्या आठवड्यात दोन सुती परकर पोस्टाने पाठवले.