शेवभाजी आणि एक बाटली

आमच्या घरात दारूचा शिरकाव झाला तो पातेल्यातून. दारातून यायची तिची छाती नव्हती; कारण दारात आई बसते आणि आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.

झालं असं, की धुळ्याच्या ताईचा मुलगा नाशिकला नोकरीला आहे. पूर्वी नाशिकहून पाहुणे चिवडा आणायचे. 2001 साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्षवाइनचं धोरण आखलं आणि आता बाटल्या येतात. भाच्यानं मे महिन्यात मामाला भेट म्हणून रेड वाइन आणली. वाटेत धुळ्याला दोन दिवस मुक्काम पडला. 'देवघर असलेल्या घरात ती नको,' म्हणून ताईनं बाटली गाडीच्या डिकीतच ठेवायला लावली. वाइनला बारा-पंधरा अंशांचा गारवा लागतो म्हणे. आमच्याकडे मेमध्ये पारा 45 वर! जळगावला पोचेपर्यंत ती भरताच्या वांग्यासारखी भाजून निघाली होती.

भाच्यानं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "नुसती नाही जाणार, मामा. सांग्रिया करू." म्हणजे स्पेनची पद्धत : वाइनमध्ये संत्र्याचा रस, फळांच्या फोडी आणि बर्फ. त्यात केळं घालायचं का, असं मी विचारलं. जळगावकराला दुसरं काय सुचणार?

उरलेली शेवभाजीत घालायचं ठरलं. वाइन आधी निम्मी होईस्तोवर आटवायची. आंबटपणा येतो, चिंच लागत नाही. "तुमचं तुम्ही निस्तरा," म्हणून बायको बाहेर गेली. आईसाठी वेगळं पातेलं केलं. पण भाजलेलं कांदा-खोबरं आणि काळा मसाला पडल्यावर दोन्ही रस्से एका रंगाचे झाले! आईनं भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा मी माझ्या वाटीतला घास घेतला आणि माझा घास घशातच अडकला. माझी भाजी साधी होती.

"अल्कोहोल सगळं उडून जातं, मामा," भाचा कुजबुजला. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता सांगतो, की पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे 40 टक्के उरतं, तासाभरानं 25, अडीच तासांनीही 5. आमची भाजी पंधरा मिनिटांतच उतरली होती.

रात्रभर झोप नाही. सकाळी आईला सांगून टाकलं. वर शहाणपणाही केला, "तू जेवणानंतर द्राक्षासव घेतेसच की! तीही द्राक्षं आंबवूनच करतात, त्यातही अल्कोहोल असतंच."

आई रागावली की अहिराणीत बोलते. "हाई काय शे?" एवढंच म्हणाली. मग शांतपणे म्हणाली, "ते औषध मी माझ्या हातानं, मोजून घेते. हे तू मला न विचारता दिलंस."

त्या दिवशी तिनं जेवण सोडलं. मीही सोडलं. भाच्यानं मात्र सोडलं नाही.

पंधरा दिवसांनी तीच म्हणाली, "शेवभाजी कर रे." मी चिंच घालून, निगुतीनं केली. पहिला घास घेऊन ती थांबली.

"त्या दिवसासारखी नाही झाली."

मी मुकाट्यानं भाकरी वाढली.