फोन, व्हिडिओ की चॅट?

लडाखच्या पोस्टवर झोप न लागणं ही काही बातमी नाही. उंचीवर हवा विरळ, त्यात थंडी आणि रात्रीचा पहारा. पण खाली युनिटमध्ये उतरून महिना झाला तरी मला पहाटे दोनला जाग यायची. छाती धडधडायची. बर्फाखाली गेलेला आमचा साथी डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

आपल्या फौजी माणसाची पहिली भीती ठरलेली असते, ती कॅटेगरीची. मेडिकल बोर्डाच्या ‘शेप’मधला पहिला ‘एस’ मनाचा. तो खाली गेला की प्रमोशनचं काय, कोर्सचं काय, हेच डोक्यात फिरतं. तरी मी आरएमओ साहेबांकडे गेलो. मनोविकारतज्ज्ञ होते दूरच्या हॉस्पिटलात आणि रस्ता बर्फाने बंद. साहेब म्हणाले, दुरूनच बोलू या. कसं बोलायचं, ते तुम्ही ठरवा.

मला वाटलं, व्हिडिओच सगळ्यात चांगला. ते अर्धंच खरं निघालं.

व्हिडिओवर डॉक्टरांना चेहरा दिसतो, हाताची थरथर दिसते. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार काही औषधं पहिल्यांदा लिहून देताना व्हिडिओवर पाहणं लागतंच. म्हणून पहिली भेट एमआय रूममध्ये, दार लावून, व्हिडिओवर झाली. पण दर आठवड्याला ते जमेना. चित्र अडकायचं, आणि नेमकं त्या साथीचं नाव घेताना आवाज तुटला की पुन्हा पहिल्यापासून सांगायचं बळ नसायचं. शिवाय आपल्या भागात कॅमेरा कुठे उघडायचा, यालाही बंधनं असतात.

मग फोन घेतला. फोनवर नेटवर्क कमी असलं तरी भागतं. समोर कुणी बघत नाही, म्हणून रडूही येतं. पण एक अट होती, एकांताची. आठ जणांच्या बॅरेकमध्ये मनातलं बोलता येत नाही. क्यूएम साहेबांनी आठवड्यातून अर्धा तास स्टोअरची किल्ली दिली. कारण विचारलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

चॅट माझ्या कामाची नव्हती, पण माझ्या एका ज्युनिअरला तीच सोपी वाटली. तोंडाने बोलता येत नव्हतं, ते त्याने लिहिलं. सुरुवात करायला ती ठीक. मात्र लिहिलेल्यातून आवाज कळत नाही, उत्तर उशिरा येऊ शकतं आणि मेसेज फोनमध्ये राहतात.

आणखी एक गोष्ट भाषेची. ‘घालमेल’ हा शब्द मला हिंदीत सांगता येईना. सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचा नंबर १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येतं. फौजेसाठी त्यांचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत आहे. मी हा नंबर गावी बायकोलाही दिला. माझी काळजी करून तिचीही झोप उडाली होती. ती शेताच्या बांधावर बसून बोलली, कारण घरात सासू-सासरे.

निवृत्त झालेल्या दादांनो, पॉलिक्लिनिक लांब आहे म्हणून गप्प बसू नका. जिथे मोकळं बोलता येईल ती जागा आधी शोधा, मग व्हिडिओ की फोन ते ठरवा. एक मार्ग जमला नाही तर दुसरा घ्या.

पण जीव नकोसा वाटू लागला, तर यातलं काहीच पुरेसं नाही. आपल्या हातात हत्यार असतं. अशा वेळी बडीला किंवा सिनिअरला तोंडाने सांगा, हत्यार जमा करा आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. बडीने तुम्हाला असं सांगितलं, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका.

माझी झोप अजून पूर्ण आलेली नाही. पण आता पाच वाजेपर्यंत लागते. औषध चालू आहे, आणि दर गुरुवारी स्टोअरची किल्ली मिळते.

जय हिंद.