दोन इंच

तिलवाऱ्याच्या घाटावर दोन रात्री झोपायचं, एवढीच बाबांची इच्छा होती. वय ८१, कमरेचं ऑपरेशन झालेलं, हृदय थकलेलं. डोकं जरा खाली गेलं की त्यांना श्वास लागायचा. दादानं गॅरेजवाल्याकडून एक छोटा ट्रेलर बांधून घेतला होता: दोन बाक, शेगडी, पाण्याची टाकी. डिसेंबरात आम्ही तो जीपमागे जोडून नागपूर रस्त्यावरच्या पुलाअलीकडे नेला आणि नर्मदेकाठच्या मोकळ्या जागेत उभा केला.

बाबांनी आयुष्य जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत काढलं. १९०४ सालचा तो कारखाना. तोफ सरळ मारायची असेल तर आधी तिचा गाडा समतोल बसला पाहिजे, हे ते सवयीनं सांगायचे. खिशात पाणसळ असायचीच. ती त्यांनी बाकावर ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला, म्हणजे उजवं चाक खाली. उतार दोन अंशांचा. दोन चाकांमधलं अंतर पाच फूट, म्हणून एका अंशाला साधारण एक इंच. दोन इंच उचलायचं.

"दोन विटा आडव्या टाकू," मी म्हणाले. पलीकडे पडल्याच होत्या. बाबा काही बोलले नाहीत. दादानं चाक त्यांवर चढवलं, मागेपुढे दगड लावले, मग जीप सोडली. बुडबुडा जवळपास मधोमध आला.

पहाटे तीनला टकक आवाज झाला. खालच्या गाळात वीट एका कडेनं रुतली आणि फुटली होती. ट्रेलर खचला, बाबा भिंतीकडे घसरले. श्वास परत जागेवर यायला वीस मिनिटं लागली. मी त्यांची पाठ चोळत बसले. विटा माझ्या होत्या.

सकाळी घाटावरचा एक नावाडी येऊन पाहून गेला. "दीदी, ईंट तो दीवार के लिए होती है," एवढंच म्हणाला. तेवढ्यावर बाबांनी आम्हाला पूर्ण धडा दिला. वीट वरून दाब सोसते, पण खाली पोकळी राहिली की मोडते. पोकळ सिमेंटचा ठोकळा तर त्याहून वाईट. मऊ जमिनीवर लाकडाची रुंद फळी हवी, म्हणजे वजन पसरतं. टायरचा जमिनीला टेकणारा सगळा भाग फळीवर आला पाहिजे, कड लटकता कामा नये. लाकडाच्या रेषा चाक जाईल त्या दिशेनं. आधी आडवा समतोल, चाकाखाली फळी देऊन. मग उभा, पुढच्या जॅकनं. कोपऱ्यांवरचे पाय फक्त हलणं थांबवतात, त्यांनी गाडी उचलायची नाही.

"वखारीतून साल आणतो," दादा म्हणाला.

"ओलं देतील. वाळलं की तडकेल. घरचा झोपाळा आण."

त्याच आठवड्यात आम्ही घर रिकामं करत होतो. आईचा झोपाळा, सागवानी, दोन इंच जाड, भिंतीला टेकवून ठेवलेला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो मावणार नव्हता, तरी मी तो माझा धरून चालले होते.

"बाबा, तो आईचा आहे."

"तिचाच. ती असती तर मला विटांवर झोपवलं असतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. दादा गेला, दुपारी फळी घेऊन आला. मधोमध कापायची होती. करवत त्यानं धरली, फळी मी दाबून धरली. कापल्यावर आतलं लाकूड पिवळट, ताजं दिसलं आणि त्याला तेलकट वास आला. एक तुकडा उजव्या चाकाखाली, दुसरा पुढच्या जॅकच्या चाकाखाली. चाक चढावं म्हणून दादानं एक कड तिरपी तासली.

बुडबुडा मधोमध थांबला.

संध्याकाळी बाबा दारात बसून नदीकडे बघत होते. १९३९ साली जवळच त्रिपुरी काँग्रेस भरली आणि अध्यक्ष सुभाषबाबूंना तापात स्ट्रेचरवरून आणलं, ही गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. त्या रात्री ते सलग झोपले. मी मात्र तीनला उठून टॉर्चनं पाणसळ पाहिली.

तुकडे आता दादाच्या जीपमध्ये असतात. दोन्हींच्या टोकांना कड्यांची भोकं तशीच आहेत. धुतले तरी त्यांत थोडा गाळ राहतोच.