दोन दिवसांत मुंबईचें बंदर

आमच्या अंबाजोगाईचें आणि समुद्राचें नातें फार जुनें आहे. परंतु तें बरेंचसें एकतर्फी आहे. योगेश्वरी ही कोंकणस्थांची कुलस्वामिनी. परळीच्या वैजनाथाशीं विवाह ठरून देवी वऱ्हाडासह कोंकणांतून निघाली, मुहूर्ताची वेळ टळली, वऱ्हाड शिळारूप झालें आणि देवी जयंतीच्या कांठीं कायमची राहिली, ही कथा आमच्याकडील लहान मूलहि सांगतें. तेव्हांपासून समुद्रकांठचीं माणसें घाट चढून आमच्या गांवीं येत आहेत. त्यांच्या समुद्राकडे जाण्याचा योग मात्र आम्हांस क्वचितच येतो.

यास इतिहासाचेंहि कारण आहे. निजामाच्या अमदानींत गांवाचें नांव मोमिनाबाद होतें आणि आमची राजधानी हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. म्हणजे मुंबई ही आमची राजधानी होऊन फार पिढ्या लोटलेल्या नाहींत. त्या काळांत आमच्या घरांतून मुंबईस कोणी गेलें नाहीं असें नव्हे. कोणी नोकरीस्तव गेले, कोणी मंत्रालयांत कागद पुढें सरकावा म्हणून गेले, कोणी आजारी माणसास घेऊन गेले. परंतु शहर पाहावयाचें म्हणून, मोकळ्या मनानें, घरच्या बायकामुलांसह दोन दिवस गेलेलीं कुटुंबें बोटांवर मोजावीं इतकींच. अशा कुटुंबांस पहिल्या खेपेचा बेत कसा आंखावा हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माझी थोरली बहीण आक्का हिचेंच उदाहरण देतों. १९९६ सालीं मेहुण्यांच्या आजारपणांत ती एकवीस दिवस मुंबईस होती. रुग्णालयाची खोली, औषधांचें दुकान आणि आप्तांच्या घरची पथारी, एवढीच मुंबई तिनें पाहिली. आणि परत आली ती एकटी. पुढें कित्येक वर्षें घरांत मुंबईचा विषय निघाला कीं ती कांहीं निमित्तानें उठून स्वयंपाकघरांत जाई. गेल्या वर्षीं नात भूगोलाचा धडा मोठ्यानें वाचीत होती. त्यांत भरती-ओहोटीचें वर्णन आलें. आक्का तांदूळ निवडीत होती. ती आपणहून म्हणाली, "आप्पा, एकवीस दिवस काढले रे मी त्या गांवांत, पण समुद्र कसा असतो तें पाहिलें नाहीं. एकदां दाखव." तिचें वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे. पुन्हा केव्हां तरी जाऊं असें म्हणण्यास वाव नव्हता. बेत एकदांच, पण नीट करावयाचा होता.

मुलांनीं लागलीच यादी केली. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग, चौपाटी, जुहू. हें सर्व दोन दिवसांत, मोटार भाड्यानें घेऊन. मीं ती यादी बाजूस ठेवली आणि एकच नियम घातला कीं, बंदराचा भाग पायीं जितका पाहतां येईल तितकाच पाहावयाचा. बाकीची मुंबई पुढच्या खेपेस.

हा नियम मुंबईस लागू पडतो, याचें कारण त्या शहराच्या जन्मांतच आहे. आजची मुंबई अफाट असली तरी मूळचें बंदराचें शहर लहान होतें. इंग्रजांनीं पूर्वेच्या बाजूस, जेथें खाडीच्या आडोशानें गलबतें निर्धास्त नांगरतां येत, तेथें कोट बांधला. गोदी, वखारी, टांकसाळ, कचेऱ्या आणि व्यापाऱ्यांचीं घरें सर्व त्या तटाच्या आंत होतीं. १८६२ नंतर, बार्टल फ्रियर गव्हर्नर असतांना, तो तट पाडण्यांत आला व मोकळ्या झालेल्या जागेवर पुढील वीस-पंचवीस वर्षांत आज नांवाजलेल्या बहुतेक इमारती उठल्या. तट गेला, पण आटोपशीरपणा राहिला. बोरीबंदरापासून पालव बंदरापर्यंतचें अंतर अडीच किलोमीटरांच्या आंतच भरतें. रोज सकाळीं मुकुंदराजांच्या समाधीकडे फिरावयास जाणाऱ्या माणसास तें जड नाहीं, आणि वृद्धांस वाटेंत बसावयास जागा पुष्कळ आहेत.

आतां काळ. पावसाळ्याचे चार महिने वर्ज्य समजावे. समुद्र खवळलेला असतो, होड्या बंद राहण्याचा संभव असतो आणि रस्त्यांत पाणी सांचतें. चैत्र-वैशाखांतील दमट उकाडा आमच्या कोरड्या हवेंत वाढलेल्या माणसास सोसत नाहीं. राहिले मार्गशीर्ष ते माघ. मार्गशीर्षांत आमच्या देवीचा उत्सव, तेव्हां घर सोडणें शक्य नाहीं. पौषांत शाकंभरी पौर्णिमेचा कुलाचार उरकला कीं निघावें, असें ठरलें. त्या रात्रीं लातूरहून सुटणारी आगगाडी सकाळीं थेट छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे जुन्या बोरीबंदरासच, आणून सोडते. उतरण्याची सोय याच भागांत करावी. उपनगरांत आप्तांकडे उतरल्यानें खोलीचें भाडें वांचतें खरें. परंतु रोजचे तीन तास आणि वृद्धांचे गुडघे खर्चीं पडतात.

पहिला दिवस जमिनीचा. १६ एप्रिल १८५३ रोजीं येथूनच ठाण्याकडे चौतीस किलोमीटरांवर देशांतील पहिली उतारूंची आगगाडी गेली. आजची स्थानकाची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याची; ती १८८८ सालीं पुरी झाली आणि २००४ सालीं जागतिक वारशांत गणली गेली. गाडींतून उतरून घाईनें बाहेर पळणाऱ्या शेंकडा नव्वद लोकांनीं ती समोरून कधीं पाहिलेली नसते. रस्ता ओलांडून पांच मिनिटें उभें राहावें. दगडांतील पानें, पक्षी व प्राणी मुलांस मोजावयास लावावे. तेथून सरळ दक्षिणेस चालत हुतात्मा चौक. १८६४ सालचें फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारीं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांचें स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं येथें गोळीबार झाला. आमचा मराठवाडा व मुंबई एका महाराष्ट्रांत १ मे १९६० रोजीं आलीं तीं या माणसांच्या पुण्याईनें, हें मुलांस तेथेंच सांगावें. पुस्तकांतून सांगण्यापेक्षां तें अधिक लागतें.

चौकापासून पूर्वेस वळलें कीं थोड्याच अंतरावर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल लागतो. इमारत १८३३ सालची, संस्था तीहून जुनी, १८०४ सालची. संस्कृताचा ज्यास थोडासा जरी संस्कार आहे त्यानें या पायऱ्यांवर क्षणभर बसावें. धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत लिहिणारे, १९६३ सालीं भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा या संस्थेशीं दीर्घकाळ संबंध होता. उन्हें चढण्यापूर्वीं येथवर यावें, मग जेवण आणि दोन तास पाठ टेंकावी. विश्रांति हा बेताचाच भाग मानावा.

दुपार कलल्यावर विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पाहावा. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या आईच्या नांवें दिलेल्या देणगींतून तो १८७८ सालीं पुरा झाला. पुढें ओव्हल मैदान ओलांडून पश्चिमेस निघावें. एका बाजूस गॉथिक धर्तीच्या दगडी इमारती, दुसऱ्या बाजूस १९३०च्या सुमाराचीं नव्या वळणाचीं गच्चीदार घरें. हा सर्व परिसर २०१८ सालीं जागतिक वारशांत आला. त्यापुढें मरीन ड्राइव्ह. येथें एक गोष्ट नवख्यांनीं ध्यानांत ठेवावी. मुंबईस दोन बाजूंनीं दोन पाणी आहेत. बंदर पूर्वेस, तेथें सूर्य उगवतो. मोकळा समुद्र पश्चिमेस, तेथें तो मावळतो. म्हणून संध्याकाळ पश्चिमेस आणि सकाळ बंदरावर काढावी. आक्कानें समुद्र प्रथम पाहिला तो येथें. ती कठड्यावर बसली, आणि दिवे लागेपर्यंत कोणाशीं एक अक्षर बोलली नाहीं. आम्हींहि तिला बोलतें केलें नाहीं.

दुसरा दिवस पाण्याचा. आणि त्यासाठीं आपल्या घरांतील पंचांग उपयोगी पडतें. कोंकणांत एक जुना ठोकताळा आहे. तिथीचा जो अंक असेल त्याची पाऊणपट करावी, तितके वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. पौर्णिमेस व अमावास्येस बाराच्या सुमारास. दोन्ही पक्षांस हिशेब एकच. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा उगवतो, म्हणून भरतीहि रोज तितकीच मागें पडते. पाऊणपटीचें मूळ तें. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असतें व अष्टमीस पाण्याची चढउतार थोडी, तिला भांग म्हणतात. हा हिशेब स्थूल आहे. नक्की वेळ भरतीच्या छापील कोष्टकांत पाहून घ्यावी.

ही विद्या केवळ कौतुकाची नव्हे. ओहोटीच्या वेळीं होडी खालीं जाते, धक्क्याच्या जास्त पायऱ्या उतराव्या लागतात आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतें. तरुणांस त्याचें कांहीं नाहीं. पंचाहत्तरीच्या बाईस मात्र त्या चार निसरड्या पायऱ्यांवरच सर्व प्रवास अवलंबून असतो. आमचा दुसरा दिवस वद्य द्वितीयेचा होता. दोनची पाऊणपट दीड. म्हणून साडेदहाच्या होडीनें निघावें आणि अडीचच्या सुमारास परतावें असा बेत केला. जातां-येतां दोन्ही वेळां धक्क्यास पाणी पुरेसें होतें. घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात, तेव्हां वारहि पाहावा लागतो.

होड्या गेटवे ऑफ इंडियाशेजारून सुटतात. १९११ सालीं पंचम जॉर्ज येथें उतरले, त्याची आठवण म्हणून हा दरवाजा बांधला, तो १९२४ सालीं पुरा झाला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजांची शेवटची फौज याच दरवाज्यांतून निघून गेली. स्वागताकरितां उभारलेली कमान चोवीस वर्षांत निरोपास उपयोगीं पडली. तेथून तासाभराची जलवाट. घारापुरीस शंभरांहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांस चढवत नाहीं त्यांस खुर्चीची डोली मिळते. खाद्य झांकून ठेवावें. माकडें धीट आहेत.

लेणीं सहाव्या शतकांतील. मुख्य लेण्यांतील त्रिमुख सदाशिवाची मूर्ति साडेपांच मीटरांच्या आसपास उंच आहे. परंतु अंबाजोगाईच्या माणसानें शेजारचा शिवपार्वतीच्या विवाहाचा पट चुकवूं नये. मूर्ति भंगलेल्या आहेत, तरी वधूची खालीं वळलेली मान ओळखूं येते. आक्का तेथें बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "आपल्या देवीचें राहून गेलें, तें इथें लागलें म्हणायचें." दुसरी गोष्ट हत्तीची. बंदराजवळ दगडी हत्ती होता म्हणून पोर्तुगीजांनीं या बेटास एलिफंटा नांव दिलें. १८६४ सालीं तो इंग्लंडास नेण्याच्या खटपटींत उचलतांना फुटला. सांधलेला तो हत्ती आतां भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे. आमच्या गांवच्या शिवलेण्यांतील हत्ती कोणी उचलूं पाहिले नाहींत. ज्या खडकांत कोरले तेथेंच ते आहेत, आणि आम्ही त्या जागेस नुसतें 'हत्तीखाना' म्हणून मोकळे होतों. परत आल्यावर नातीस घेऊन प्रथम तेथें गेलों.

परतीच्या होडींत शहर हळूहळू मोठें होऊं लागलें. आक्कानें विचारलें, "तें रुग्णालय कोणत्या बाजूस रे?" मीं हातानें दिशा दाखविली. तिनें तिकडे पाहिलें आणि म्हणाली, "इतकें जवळ होतें पाणी." एवढेंच. त्या दिवसापासून मुंबईचा विषय निघाला कीं ती उठून जात नाहीं. उलट भरतीचा हिशेब शेजारणींस समजावून सांगते.

शेवटीं घरची व्यवस्था. एकत्र कुटुंबांत सर्वांस एकदम निघतां येत नाहीं. देवपूजा आहे, म्हातारे आहेत, परीक्षा आहेत. आम्ही दोन तुकड्या केल्या. या खेपेस धाकट्या बंधूंनीं घर सांभाळलें, माघांत आम्ही सांभाळलें आणि ते गेले. तुकड्या पाडतांना प्रथम नांव कोणाचें लिहावें, हा मात्र विचार करावा. बहुतेक घरांत तें कमावत्यांचें किंवा मुलांचें असतें. ज्या बाईनें आजवर केवळ दुसऱ्यांच्या अडचणींपायीं प्रवास केला, तिचें नांव पहिलें लिहावें. मग पंचांग उघडून तिथि पाहावी, वार पाहावा आणि तिच्या पायांनीं जितकें अंतर होईल तितकीच वाट आंखावी. तरुणांस तेवढी वाट पुरत नसेल तर ते पुन्हा जाऊं शकतात.